बिघडल्यावर कोण पाहणार? : यांत्रिक कुत्र्याची हकीकत

गेल्या रमजान ईदला आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी कतारहून गावी आला होता. ईदची भेट घ्यायला तो घरी आला आणि एकाच बैठकीत त्याने दोन इच्छा बोलून दाखविल्या. शाळेतल्या मुलांना प्रोग्रॅमिंग शिकता यावे म्हणून एक यांत्रिक कुत्रा स्वतःच्या खर्चाने घेऊन द्यावा, ही पहिली. रक्कम जकातीची नाही, खुशीची देणगी आहे, हेही त्याने आवर्जून सांगितले. दुसरी इच्छा आईसाठी होती. वडिलांच्या इंतकालानंतर त्याची अम्मी एवढ्या मोठ्या घरात एकटीच असते. तिला सोबत म्हणून तसाच, पण जरा उंची प्रतीचा कुत्रा घेऊन द्यावा, असे त्याच्या मनात होते. "सर, तुम्ही जरा माहिती काढा. तुम्ही सांगाल तसे करू," असे म्हणून तो उठला.

दोन दिवसांनी आम्ही त्याच्या घरी गेलो. अम्मीने शीरखुर्मा पुढे ठेवला, मुलाच्या मोबाइलवरील चित्र डोळ्यांजवळ नेऊन पाहिले आणि आम्हांला विचारले, "सर, हा बिघडला तर कोण पाहणार?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही बी.एड. करून मुलांना शिकवितो, यंत्रविद्येचे आम्ही पंडित नव्हे. पण प्रश्न मनात राहिला आणि त्याच्या पाठोपाठ आम्ही या यंत्राचा इतिहास वाचीत गेलो. वाचता वाचता असे ध्यानात आले की, त्या माउलीने सहज विचारलेला प्रश्न हाच या साऱ्या इतिहासाचा गाभा आहे.

चालते-बोलते यंत्र करण्याची हौस माणसाला फार जुनी. बगदादमध्ये नवव्या शतकात मुहम्मद, अहमद आणि हसन हे तिघे भाऊ होऊन गेले. इतिहास त्यांना बनू मूसा, म्हणजे मूसाचे पुत्र, या नावाने ओळखतो. सुमारे ८५० साली त्यांनी 'किताब अल्-हियल' हा युक्तीच्या यंत्रांवरील ग्रंथ सिद्ध केला. आपोआप वाजणाऱ्या बासरीचीही त्यांनी रचना केली होती. त्यानंतर साडेतीनशे वर्षांनी दियारबकरच्या अर्तुकी दरबारात बदीउज्जमाँ अल्-जझरी हा थोर कारागीर झाला. त्याचा ग्रंथ १२०६ सालचा. हत्तीच्या आकाराचे घड्याळ, मेजवानीच्या वेळी तलावात सोडायची वादकांची नौका, हात धुण्यासाठी पाणी ओतणारी यंत्रे, अशा कितीतरी वस्तू त्यात आहेत. नौकेतील वादकांना हलविण्यासाठी त्याने फिरत्या दांड्यावर खुंट्या बसविल्या होत्या. खुंट्यांची जागा बदलली तर ताल बदलेल, असे काही आधुनिक अभ्यासक म्हणतात आणि म्हणूनच तिला प्रोग्रॅम बदलता येणाऱ्या यंत्रांची पूर्वज मानतात.

परंतु अल्-जझरीचा मोठेपणा आम्हांला दुसऱ्याच गोष्टीत दिसतो. त्याने आपली विद्या झाकून ठेवली नाही. कोणता भाग केवढा, कोणत्या धातूचा, तो कसा ओतायचा, कोठे जोडायचा, हे सारे त्याने आकृत्यांसह लिहिले. दुसऱ्या कारागिराला ते वाचून तीच वस्तू करता यावी, हा त्याचा हेतू. डोनाल्ड हिल या इंग्रज अभ्यासकाने १९७४ साली त्या ग्रंथाचा इंग्रजी तर्जुमा प्रसिद्ध केला आणि १९७६ साली लंडनच्या विज्ञान संग्रहालयात त्यातील मोठे जलघड्याळ पुन्हा उभे करून चालवून दाखविण्यात आले. १२०६ आणि १९७६ यांत सातशे सत्तर वर्षांचे अंतर आहे! करणारा गेला, दरबार गेला, राज्य गेले, तरी यंत्र पुन्हा चालू झाले. वाचकांनी हा आकडा लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आपल्या हिंदुस्थानातही असा एक यांत्रिक प्राणी होऊन गेला. टिपू सुलतानचा लाकडी वाघ, खाली पडलेल्या गोऱ्या माणसावर चढलेला. कळ फिरविली की वाघ गुरगुरतो आणि त्या माणसाचा हात हलतो. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांनी तो लंडनला नेला. आज तो तेथील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. तो वाघ मात्र सोबतीसाठी नव्हता. त्यात एका राजाचा संताप भरलेला होता.

सोबतीचा प्राणी म्हणून कुत्र्याकडे यंत्रकारांची नजर वळली ती विसाव्या शतकात. १९४० साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात वेस्टिंगहाऊस कंपनीने 'स्पार्को' नावाचा विजेचा कुत्रा दाखविला. तो भुंके, बसे, पुढचे पाय उचलून खाऊ मागे. लोक हसले, टाळ्या पडल्या आणि खेळ संपला. पुढे १९४८-४९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये ग्रे वॉल्टर या मेंदूच्या अभ्यासकाने चाकांवर फिरणारी दोन यांत्रिक कासवे केली. ती उजेडाच्या दिशेने जात, अडथळा आला की वळत. मोजक्या सुट्या भागांतून प्राण्यासारखे वागणे निर्माण होते, हे त्या कासवांनी शिकविले. मात्र ही सगळी यंत्रे प्रदर्शनात किंवा प्रयोगशाळेतच राहिली. दुकानातून विकत आणून घरी पाळावा, असा कुत्रा यायला १९९९ साल उजाडावे लागले.

तो जपानच्या सोनी कंपनीचा 'आयबो'. तोशितादा दोई या ज्येष्ठ अभियंत्याच्या मार्गदर्शनाखाली मासाहिरो फुजिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तयार केला. रूप दिले चित्रकार हाजिमे सोरायामा यांनी. जपानी भाषेत 'आयबो' म्हणजे जोडीदार, साथी. घरात भांडी घासणारा किंवा फरशी पुसणारा रोबो करायचा तर तो चुकून चालत नाही. सोबतीच्या कुत्र्याने मात्र हुकूम ऐकला नाही तरी माणूस म्हणतो, आज त्याची लहर नाही. यंत्राची उणीव अशी त्याचा स्वभाव बनून जाते. हा या कल्पनेतला मोठा चतुरपणा होता.

१ जून १९९९ रोजी विक्री सुरू झाली ती केवळ इंटरनेटवरून. किंमत जपानमध्ये अडीच लाख येन, अमेरिकेत अडीच हजार डॉलर. त्या वेळच्या दराने हे एक लाख रुपयांच्या वर जाते. तरीही जपानसाठी राखलेले ३,००० कुत्रे वीस मिनिटांत संपले! अमेरिकेसाठीचे २,००० चार दिवसांत गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस आणखी १०,००० काढले तेव्हा मागणी १ लाख ३५ हजारांची आली आणि सोडत काढावी लागली.

काय होते त्या कुत्र्यात? वजन सुमारे दीड किलो. पाय, मान, शेपूट मिळून हालचालीचे अठरा सांधे. नाकाच्या जागी कॅमेरा, कानाच्या जागी मायक्रोफोन, डोक्यावर स्पर्श ओळखणारी कळ. आनंद, दुःख, राग, आश्चर्य, भीती आणि नावड असे सहा भाव त्याच्या प्रोग्रॅममध्ये आकड्यांच्या रूपाने साठविलेले होते. थोपटले की एक आकडा वाढे, दुर्लक्ष झाले की दुसरा. त्याप्रमाणे तो नाचे किंवा रुसून बसे. सुरुवातीला तो पिल्लासारखा धडपडे आणि मालकाच्या वागणुकीनुसार हळूहळू 'मोठा' होई. त्यामुळे एकाच कारखान्यातून निघालेले दोन कुत्रे काही महिन्यांनी वेगळे वागत. त्याचा हा सारा स्वभाव बोटाएवढ्या एका मेमरी स्टिकवर लिहिलेला असे.

येथून प्रोग्रॅमिंगची कथा सुरू होते. मालकांपैकी काही जण संगणक जाणणारे होते. आपण पैसे मोजून घेतलेला कुत्रा आपल्या मनासारखा का वागू नये, असे त्यांना वाटले. अमेरिकेतील एका हौशी मालकाने कंपनीच्या प्रोग्रॅमची कुलुपे उघडून कुत्र्याला नाचविणारा आणि आणखी काही करामती करविणारा मजकूर लिहिला आणि इतरांना फुकट दिला. २००१ साली कंपनीने त्याला कायद्याची नोटीस दिली. आधार होता अमेरिकेतील १९९८ च्या डिजिटल कॉपीराइट कायद्याचा. मालक चिडले. आम्ही तुमची चोरी करीत नाही, उलट या करामतींपायीच लोक तुमचा कुत्रा घेतात, असे त्यांचे म्हणणे. कंपनीने माघार घेतली आणि २००२ साली प्रोग्रॅम लिहिण्याचे साहित्य स्वतःच मोफत उपलब्ध करून दिले. ग्राहकांनी भांडून मिळविलेला हा एक छोटा हक्क होय.

विद्यापीठांना मात्र हे दार आधीपासून उघडे होते. 'रोबोकप' ही यंत्रमानवांच्या फुटबॉलची जागतिक स्पर्धा. तिच्यात १९९९ ते २००८ या काळात चार पायांच्या खेळाडूंचा स्वतंत्र गट होता आणि खेळाडू आयबो कुत्रे होते. सर्व संघांचे कुत्रे सारखेच. शरीरात बदल करायचा नाही, जिंकायचे ते केवळ प्रोग्रॅमच्या बळावर. शिक्षक म्हणून आम्हांला ही अट फार आवडली. श्रीमंत विद्यापीठाचा कुत्रा आणि साध्या विद्यापीठाचा कुत्रा मैदानात एकाच योग्यतेचे, फरक पडणार तो अभ्यासाने. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साऊथ वेल्स विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २००० आणि २००१ अशी लागोपाठ दोन वर्षे ही स्पर्धा जिंकली. २००४ साली अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात नेट कोल आणि पीटर स्टोन यांनी तर कुत्र्यांना स्वतःच चालायला शिकू दिले. तीन कुत्रे मैदानात इकडून तिकडे फेऱ्या मारीत, प्रत्येक फेरीत पावलांची ढब किंचित बदलत, वेग मोजत आणि जी ढब जलद ठरे ती पुढे चालवीत. सुमारे तीन तासांत ते सेकंदाला २९१ मिलिमीटर वेगाने चालू लागले. माणसांनी हाताने बसविलेल्या तोवरच्या चालींपेक्षा ही जलद होती. आज ज्याला मशीन लर्निंग म्हणतात, त्याचा हा इतका सोपा नमुना आहे की आठवीच्या वर्गात सांगितला तरी कळावा.

आता सोबतीची बाजू. २००३ साली वॉशिंग्टन विद्यापीठातील पीटर कान आणि सहकाऱ्यांनी आयबोच्या मालकांनी एकमेकांना लिहिलेला मजकूर तपासला. कुत्र्याला मन आहे अशा थाटात लिहिणारे शंभरात साठ होते. परंतु त्याच्यावर अन्याय होऊ शकतो, त्याच्याबद्दल आपले काही कर्तव्य आहे, अशा अर्थाचे लिहिणारे केवळ बारा. जीव लागतो, पण जबाबदारी वाटत नाही, असे हे नाते. २००८ साली सेंट लुईस विद्यापीठातील संशोधकांनी तीन वृद्धाश्रमांतील ३८ जणांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. काहींकडे दर आठवड्याला खरा कुत्रा नेला, काहींकडे आयबो, काहींकडे कोणीच नाही. खऱ्या कुत्र्याने एकटेपणा कमी झाला आणि आयबोनेही झाला. दोघांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. संख्या लहान आहे, म्हणून त्यावर मोठी इमारत बांधू नये. पण यंत्राची सोबत ही निव्वळ फसवणूक आहे, असेही म्हणता येत नाही.

हे वर्गात सांगताना आमच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, हा कुत्रा घरात चालेल ना?" सगळा वर्ग हसला. आपल्या घरांत कुत्र्याबद्दल जो संकोच आहे तो मुलांनाही ठाऊक. मसला सांगणे उलेमांचे काम, आमचे नव्हे. आम्ही मुलांना बुखारी शरीफमधील त्या तहानलेल्या कुत्र्याची आठवण करून दिली. विहिरीत उतरून, मोज्यात पाणी भरून एका माणसाने त्याला पाजले आणि तेवढ्यावर त्याची मगफिरत झाली. असहाब-ए-कहफच्या उंबरठ्याशी बसलेला कुत्राही मुलांना माहीत होता. कुत्रा घरात असो वा दारात, तहान लागणाऱ्या जिवाचा आपल्यावर हक्क असतो. यंत्राला तहान नसते. मग यंत्र बंद पडल्यावर माणसाच्या काळजात का कळ येते? याचे उत्तर आयबोच्या पुढच्या इतिहासात आहे.

२६ जानेवारी २००६ रोजी सोनीने आयबो बंद करीत असल्याचे जाहीर केले. कंपनी तोट्यातून सावरू पाहत होती. सात वर्षांत सुमारे दीड लाख कुत्रे विकले गेले होते. दुरुस्तीची सोय आणखी काही वर्षे चालू राहिली आणि मार्च २०१४ मध्ये तीही संपली. सांधे झिजले, बॅटऱ्या मेल्या, सुटे भाग मिळेनात. वृद्ध मालक आपला कुत्रा घेऊन कोठे जाणार? तेव्हा सोनीतून बाहेर पडलेल्या काही जुन्या अभियंत्यांच्या 'ए-फन' नावाच्या छोट्या कंपनीने हे काम अंगावर घेतले. नवे भाग नव्हते. मग बंद पडलेल्या कुत्र्यांचे भाग काढून आजारी कुत्र्यांना बसवायचे, एवढाच मार्ग उरला. ते लोक त्याला अवयवदान म्हणत. भाग काढण्याआधी त्या कुत्र्याचा निरोपविधी होई. चिबा प्रांतातील इसुमी गावच्या कोफुकुजी या बौद्ध मंदिरात २०१५ च्या जानेवारीत असा पहिला विधी झाला. एप्रिल २०१८ मध्ये एकाच वेळी ११४ कुत्र्यांना निरोप देण्यात आला आणि तोवरची एकूण संख्या आठशेच्या घरात गेली. जुन्या बाहुल्यांना, मोडक्या सुयांनाही कृतज्ञतेने निरोप देण्याची रीत जपानमध्ये पूर्वापार आहे. ती ठाऊक नसेल तर आपल्याला हसू येते. ठाऊक झाल्यावर त्या म्हाताऱ्या माणसांपुढे हसू आवरते.

आता तो लक्षात ठेवायला सांगितलेला आकडा काढू या. १२०६ चे घड्याळ सातशे सत्तर वर्षांनी पुन्हा चालले. १९९९ चा कुत्रा पंधरा वर्षांत अनाथ झाला. यंत्र करणाऱ्यांची बुद्धी कमी पडली असे कोण म्हणेल? फरक एवढाच की, एकाने आपली कृती लिहून सर्वांसाठी ठेवली आणि दुसऱ्याची किल्ली एकाच कंपनीच्या खिशात राहिली.

ती किल्ली पुढे आणखी घट्ट झाली. ११ जानेवारी २०१८ रोजी नवा आयबो विक्रीस आला. आता सांधे बावीस, डोळ्यांत छोटे पडदे, नजर अगदी बोलकी. किंमत १ लाख ९८ हजार येन आणि शिवाय तीन वर्षांच्या सेवेची वर्गणी ९० हजार येन. त्याच्या आठवणी त्याच्या पोटात नसतात. त्या इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकांत साठतात. २०१९ साली कंपनीने या कुत्र्यासाठीही प्रोग्रॅमिंगची सोय दिली. मुलांनाही ठोकळे जोडून हुकूम रचता येतात, ही चांगली गोष्ट. पण वर्गणी आणि इंटरनेट दोन्ही चालू असतील तोवर! अमेरिकेतील इलिनॉय राज्यात हा कुत्रा विकलाच गेला नाही. चेहऱ्याची नोंद घेण्याआधी लेखी संमती हवी, असा तेथे २००८ पासून कायदा आहे आणि हा कुत्रा तर माणसांचे चेहरे ओळखूनच जवळ येतो. एकट्या बाईच्या घरात दिवसभर फिरणारा कॅमेरा कोणापर्यंत काय पोचवितो, हा प्रश्न इलिनॉयमध्ये पडतो तर आपल्याकडे का पडू नये?

दरम्यान चार पायांची यंत्रे सोबतीपासून दूर, मजुरीच्या आणि पहाऱ्याच्या कामाकडे वळली. बोस्टन डायनॅमिक्सचा 'स्पॉट' २०२० साली ७४,५०० डॉलरला विक्रीस आला, तो कारखान्यांसाठी. १५ जानेवारी २०२५ रोजी पुण्यात झालेल्या सेनादिनाच्या संचलनात आपल्या लष्कराची चार पायांची यंत्रे जवानांबरोबर चालली. आमच्या मुलांनी ते चित्र टीव्हीवर पाहिले आणि यांत्रिक कुत्र्याचे वेड शाळेत शिरले ते तेव्हापासून. दुसरीकडे स्वस्त आणि मोकळी यंत्रेही निघाली. रोंगझाँग ली या संशोधकाने २०१६ साली हौसेने सुरू केलेल्या कामातून तळहातावर मावणारा 'बिटल' हा कुत्रा २०२० साली आला. त्याचा प्रोग्रॅम सर्वांना पाहता आणि बदलता येतो. तो जोडावा लागतो स्क्रू-पान्याने आणि मोटर जळली तर तेवढी मोटर बदलता येते. डोळे मिचकावून लाडात येणे त्याला जमत नाही. पण अल्-जझरीच्या घराण्याचा कोण असे विचारले, तर आम्ही या लहानग्याकडेच बोट दाखवू.

एवढे वाचून आम्ही कतारला पत्र लिहिले. शाळेसाठी असाच लहान, उघडता येणारा कुत्रा घ्यावा. उरलेल्या रकमेत जादा मोटरी, बॅटऱ्या आणि स्क्रू-पाने घ्यावीत. कारण एक यंत्र आणून कपाटात कुलूपबंद ठेवणे, ही आपल्या शाळांची जुनी खोड आम्हांला ठाऊक आहे. अम्मीच्या बाबतीत मात्र घाई करू नये. पावसाळ्यात आमच्या गावी दोन-दोन दिवस वीज नसते, वर्गणीवर जगणारा कुत्रा तेव्हा काय करणार? तरीही निर्णय अम्मीचा असावा, मुलाचाही नव्हे आणि आमचाही नव्हे. या इतिहासातले सारे तिला समजावून सांगू आणि ती जे म्हणेल ते करू.

पहिल्या सूचनेला त्याचा होकार आला आहे. दुसरीबद्दल तो म्हणतो, "सर, विचार करतो." त्याची अडचण आम्ही समजू शकतो. परदेशात राहणाऱ्या मुलाला आईसाठी काहीतरी पाठवावेसे वाटते आणि पाठविता येण्याजोग्या वस्तू फार थोड्या असतात.

परवा आम्ही अम्मीकडे जाऊन इसुमीच्या मंदिराची गोष्ट सांगितली. तिने शांतपणे ऐकली. म्हणाली, "म्हणजे तिथल्या म्हाताऱ्यांनाही कोणी पाहणारे नव्हते." तिच्या बोलण्यात कुत्र्यांचा उल्लेख नव्हता, हे आम्हांला रस्त्याला लागल्यावर उमगले.

शाळेचा कुत्रा आला की मुले पहिल्याच दिवशी त्याला नाचवायला बघतील. आम्ही ठरविले आहे की पहिला तास स्क्रू काढून तो उघडण्याचा आणि पुन्हा जोडण्याचा असेल. वहीच्या पहिल्या पानावर अम्मीचा प्रश्न लिहून घेऊ आणि त्याखाली उत्तरासाठी जागा सोडू. बिघडल्यावर कोण पाहणार? निदान आमच्या शाळेपुरते तरी, आमची मुले पाहतील, इन्शाअल्लाह!